तीस घोडे आणि आक्कांचं जातं

इंजनाला घोडे किती, हा प्रश्न मला विचारू नका. आधीच सांगून ठेवतो. मोटार बघायला आलेला माणूस, मग तो मामलेदार असो नाहीतर शेंबूड पुसत आलेलं पोर, बॉनेटवर हात ठेवून पहिल्यांदा हेच विचारतो. आणि आकडा ऐकला की अशी मान डोलावतो, की जणू ते घोडे त्याच्याच पागेत बांधलेत. जन्मभर मोटारी हाकल्या मी, म्हणून सांगतो. कागदावरचे घोडे हे सपाटीवरचे घोडे. घाट लागला की त्यातले निम्मे कुठं जातात, ते कंपनीलाही ठाऊक नसतं.

ज्यांनी मोटार नुसती बसण्यापुरती बघितली, त्यांच्यासाठी थोडं खुलाशानं सांगतो. सपाट रस्त्यावर गाडीचं ओझं रस्ता पेलतो, इंजनानं नुसतं पुढं ढकलायचं. चढणीला लागलात की तेच ओझं मागं खेचायला लागतं. आता ढकलायचंही आणि उचलायचंही. तिथं कामाला येतो तो गिअर. तंबाखूची चार बोदं, म्हणजे गच्च भरलेली पोती, एकदम पाठीवर घेऊन जिना चढ म्हणालात, तर हमाल तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करील. पण एकेक बोद घेऊन सावकाश चढ म्हणालात, तर चारीच्या चारी माडीवर पोचवील. पहिला गिअर म्हणजे हे एकेक बोद. वेळ लागतो, पण काम होतं.

मी मूळचा बेळगावजवळच्या अनगोळचा. बेळगाव-निपाणी सर्व्हिस मोटारीवर आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. या रस्त्यावर निपाणीच्या अलीकडं तवंदीचा घाट. आंबोली उतरलेला माणूस त्याला टेकाड म्हणून हसेल, पण त्या वेळच्या मोटारींना विचारा काय ते! घाटाच्या पायथ्याला गाडी आली की चिकोडीकडची शेतकरी मंडळी न सांगता पटापट खाली उतरायची. बैलगाडीला चढ लागला की माणसानं उतरायचं, जनावराला तेवढंच हलकं, ही त्यांची रीत. मोटारीलाही त्यांनी तीच लावली. कचेरीतले लोक मात्र तिकीट काढलंय म्हणून गच्च बसून राहायचे. एकदा एका म्हाताऱ्यानं माथ्यावर पोचल्यावर बॉनेटवरून हात फिरवला आणि मलाच दटावलं, "दमलंय बघ. जरा पाणी दाव की रं त्याला." तसं बघितलं तर म्हातारा बरोबरच बोलला होता, रेडिएटर तापलाच होता.

तर या घाटात मी पुष्कळ काही बघितलं. पण आक्कांच्या घरमोटारीसारखं दुसरं काही बघितलं नाही.

निपाणीत देवगोंडा अण्णा म्हणून तंबाखूचे व्यापारी होते. जैन माणूस, घरचा भरभक्कम, आणि हौस तर अशी, की नवं काही निघालं की ते आधी आपल्या दारात आलं पाहिजे. त्यांच्या आई म्हणजे आक्का. सगळं गाव आक्का म्हणायचं, म्हणून पोटचा मुलगाही आक्काच म्हणायचा. अंगानं काडी, पण आवाज असा की वखारीच्या पलीकडच्या टोकाला हमाल ताठ उभे राहायचे. माझी आणि अण्णांची ओळख सर्व्हिस मोटारीवरची. ते पुढच्या शीटवर बसायचे आणि बेळगाव येईपर्यंत मला मोटार कशी चालवावी ते सांगायचे.

त्या साली आक्कांचे डोळे चालले. मिरजेच्या डॉक्टरानं तपासून सांगितलं, हा मोतीबिंदू नव्हे, काचबिंदू. बाजूची नजर गेलीच आहे, समोरचं अजून नीट दिसतंय, पण तेही जाणार. काय बघायचं राहिलं असेल ते बघून घ्या. आक्का घरी आल्या, पाय धुतले आणि म्हणाल्या, "मला श्रवणबेळगोळला जायाचंय. गोमटेश्वर बघायचाय. दिसतंय तवर."

आता रेल्वेनं न्यायला काय झालं? पण आक्कांचे नेम कडक. सूर्य मावळला की पाण्याचा थेंब नाही. अन्न स्वतःच्या चुलीवरचं. पीठ स्वतःच्या जात्यावर त्याच दिवशी दळलेलं. पाणी दुपदरी फडक्यातनं गाळलेलं. मागं एकदा नात्यातल्या लग्नाला हुबळीला रेल्वेनं गेल्या, तर घरी येईपर्यंत उपाशी राहिल्या आणि आल्यावर अंथरूण धरलं. आता या वयात श्रवणबेळगोळपर्यंत तसलं काही केलं असतं, तर गोमटेश्वराच्या आधी दुसऱ्याच कुणाची भेट झाली असती. तेव्हा अण्णांनी डोकं चालवलं. आक्का घराबाहेर जेवत नाही ना? मग घरच न्यायचं!

त्यांनी लॉरीची नुसती चासी आणली. चासी म्हणजे चाकं, इंजन आणि सांगाडा, वर काही नाही. तिच्यावर घर बांधायचं काम बेळगावच्या इसाक मेस्त्रीला दिलं आणि मोटार हाकायला मला ठेवून घेतलं. मेस्त्रीच्या हातात कसब होतं, त्याबद्दल वाद नाही. पण हा माणूस जन्मभर वाड्यांचे दरवाजे करत आलेला. त्यानं सागवानाच्या अशा फळ्या बसवल्या, की मुठीनं ठोकलं तर मूठ दुखावी. मागच्या बाजूला नक्षीचा दोन फळ्यांचा दरवाजा. दरवाजाला उंबरठा. उंबरठा कशाला म्हणून मी विचारलं, तर आक्कांनीच सांगितलंय म्हणाला. उंबरठा नसेल तर ते घर कसलं?

मी म्हटलं, "मेस्त्री, हे चालवायचं हाय. हितं संसार मांडायचा न्हाय."

"चालंल की," मेस्त्री रंधा मारतच म्हणाला. "मी केलेलं दार शंभर वर्सं हलत न्हाय बघ."

"मला त्याचीच भीती वाटतीया, मेस्त्री!"

मग सामान चढलं. दगडी फरशीवर मातीची चूल. तांब्याचे हंडे, घरच्या विहिरीच्या पाण्यानं भरलेले. आणि आक्कांचं जातं. ते चढवताना दोन गडी खाली बसले आणि तिसऱ्यानं विडी पेटवली. अण्णांचा थाट वेगळा. लोखंडी पलंग, इसाक मेस्त्रीकडनंच केलेली सागवानी आरामखुर्ची, पुरुषभर उंचीचा आरसा आणि ग्रामोफोन. एवढं सगळं चढलं, पण पेट्रोलचे डबे मात्र चढले नाहीत. आक्कांनी ते उंबरठ्यावरच अडवले. "चुलीशेजारी ह्यो राकेलचा थोरला भाऊ? चालायचं न्हाय." त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. टाकीत होतं तेवढं निम्मंशिम्मं पेट्रोल घेऊन निघायचं आणि घाट ओलांडून संकेश्वरात भरून घ्यायचं असं ठरलं.

मी अण्णांना एकदा बजावून बघितलं. "अण्णा, नाकापेक्षा मोती जड झालाय. घाट चढंल असं मला वाटत न्हाय."

"तीस घोडे हाईत, परशा!" अण्णांनी बॉनेटवर थाप मारली. "तीस!"

आतनं आक्कांचा आवाज आला, "तीस घोडी असून माझ्या एका जात्याला भ्यालास व्हय रं?"

मी टायरची हवा बघायला घेतली.

निघालो त्या दिवशी निम्मी निपाणी रस्त्यावर. ताशा, पिपाणी, हार. मोटारीला एवढे हार घातले की मला पुढचं दिसेना. अण्णा मागच्या दारात उभे राहून हात हलवत होते. गाव सोडून थोडं गेलं की घाटाच्या पायथ्याला स्तवनिधीचं देवस्थान लागतं. तिथं उतरून सगळ्यांनी दर्शन घेतलं. आक्कांनी देवळाच्या पायरीवरच जाहीर केलं, "आजची चूल घाटमाथ्यावर पेटवायची. तवर पाण्याबिगर मी काय तोंडात घालणार न्हाय." अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी इंजनाकडं बघितलं.

पहिल्या गिअरात घातली आणि घाट धरला. सुरुवात झकास झाली. जरा वर गेलो, चढण उभी झाली, आणि इंजनाला ठसका लागला. एक ठसका, दुसरा ठसका, आणि गप्प. हँडब्रेक ओढून मी ओरडलो, अण्णांनी उडी मारून चाकाखाली धोंडे लावले. थोडा वेळ थांबून पुन्हा चालू केली, पुन्हा तेच. शेवटी धोंडे काढून हळूहळू मागं सोडत पायथ्याला आणली. रेडिएटर फसफसत होता.

मी डबा घेतला आणि ओढ्याचं पाणी आणलं. टोपण काढून ओतणार, एवढ्यात आक्का उंबरठ्यावरनं कडाडल्या, "थांब! तसंच वततोस?"

"आक्का, मोटारीला हाय हे. प्यायला न्हाय."

"त्या उकळत्यात वततोस न्हवं? पाण्यातलं जीव भाजून मरतील की रं! मोटारीला पाप लागत न्हाय, तुला लागतंय. घे हे फडकं."

जैनांच्यात पाणी गाळून घेतात आणि फडक्यात जे राहतं ते जिथलं पाणी तिथंच परत सोडतात, म्हणजे त्यातला बारीकसा जीवही मरत नाही. मी मराठ्याचा पोरगा. भर रस्त्यात रेडिएटरवर दुपदरी फडकं धरून पाणी गाळलं, मग ते फडकं घेऊन ओढ्यापर्यंत गेलो, उलटं करून धुतलं आणि परत आलो. जाणारेयेणारे बघत होते. मी मान वर केली नाही. पण एक सांगतो. त्या दिवसापासनं मी गाळल्याशिवाय कधी रेडिएटरात पाणी घातलं नाही. बाकीचे ड्रायव्हर 'परशा जैन झाला' म्हणून चिडवायचे. त्यांचे रेडिएटर गाळानं तुंबायचे, माझा कधी तुंबला नाही.

तर मग माझं मत पडलं की ओझं उतरवायला पाहिजे. अण्णांची नजर पहिल्यांदा जात्यावर गेली.

"आक्का, जातं ठेवूया हितं देवळात. येताना नेऊ."

"ठेव की. माझं अंथरूण बी ठेव. मी बी हितंच ऱ्हाते."

मग पलंग उतरला. आरसा उतरला. आरामखुर्ची उतरवताना अण्णांनी तोंड दुसरीकडं केलं. ग्रामोफोन उतरवायला त्यांचा जीव होईना, "ह्याला काय वजन हाय?" म्हणाले. "गायला माझं जातं हाय की!" असं आक्का म्हणाल्यावर तोही उतरला. देवळातल्या उपाध्यांनी सगळं ओसरीवर मांडून घेतलं. पलंगासमोर आरसा, आरशासमोर खुर्ची. नवरानवरीची खोली सजवल्यागत दिसत होतं, आणि दर्शनाला आलेली माणसं आधी तिकडं बघत होती.

दुसऱ्यांदा घाट धरला. मगाचच्यापेक्षा थोडी वर गेली, पहिलं वळण आलं, आणि तोच ठसका. इथंच घोडं पेंड खात होतं. धोंडे लावून तिथंच उभी केली. मी बॉनेट उघडून सगळं बघितलं. प्लग बघितले, तारा बघितल्या, दोन शिव्या दिल्या, त्याही मनातल्या मनात. इंजनात काही बिघाड दिसेना. अण्णांनी मग मला विचारलं, "घोडे हाईत न्हवं सगळे?" मी पान्हा खाली ठेवून दिला. हातात राहिला असता तर कुठं पडला असता सांगता येत नाही.

एवढ्यात खालनं एक गाडीवान आला. घाटात जादा बैल जुंपून गाड्या वर ओढून द्यायचा त्याचा धंदा होता. मोटारीकडं बघून त्याला हसू आवरेना. "दोन जोड्या लावतो, अण्णा. डोळ्याचं पातं लवायच्या आत माथ्यावर." अण्णांचं तोंड उतरलं. तीस घोड्यांची मोटार बैल ओढणार! पण आक्कांच्या उपाशी पोटाकडं बघून ते हो म्हणायला आले होते. आक्काच नको म्हणाल्या.

"हे सागवान ओढताना बैल दमणार. मग तू चाबूक मारणार."

"न्हाय मारत, आक्का. तुमची शप्पथ. नुसतं शेपूट पिळतो."

"ये हिकडं. तुझा कान पिळते. मग सांग कसं वाटतंय."

गाडीवान बैल घेऊन निघून गेला. त्याचं हसू मात्र वळणापर्यंत ऐकू येत होतं.

ऊन उतरणीला लागलं. आक्का मागच्या उंबरठ्यावर बसून होत्या. सकाळपासनं पाण्याशिवाय काही पोटात नव्हतं आणि थोड्या वेळानं तेही बंद होणार होतं. अण्णा रस्त्यात येरझाऱ्या घालत होते. शेवटी माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाले, "फिरव गाडी. आज हार घालून घेतलं, उद्या पुन्हा निघालो तर लोक चप्पलांचं घालतील. माझ्यानं दुसऱ्यांदा व्हायचं न्हाय." म्हणजे यात्रा संपली. आणि यात्रा संपली म्हणजे गोमटेश्वर संपला, कारण पुढच्या वर्षी डोळे कुठले?

आक्कांनी ते ऐकलं. त्यांचे कान दुप्पट झाले होते. मला वाटलं आता ओरडतील. पण त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "फिरवू दे रं देवगोंडा, त्याला. तू वाईट वाटून घेऊ नको. गोमटेश्वर काय, मला डोळं मिटूनबी दिसतोय." देवगोंडा अण्णा, एवढा मोठा व्यापारी, तोंड फिरवून धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागला. मला त्या मोटारीचा, त्या घाटाचा आणि माझा स्वतःचा असा राग आला, की बॉनेट आदळून बंद केलं.

गाडी फिरवायची तर तिथं जागा अरुंद. वळणाच्या कोपऱ्यात थोडी रुंदी होती. हळूच मागं सोडून तोंड आडवं केलं, मग खाली निपाणीकडं केलं. आता पुढची चाकं चरीच्या काठावर आली, म्हणून थोडं मागं घ्यायला पाहिजे होतं. मागं म्हणजे चढावर. मी मनात म्हटलं, झालं, आता इथंही ठसकणार. मागचा गिअर टाकला, पाय उचलला. आणि मोटार निघाली की! ठसका नाही, खोकला नाही, गुरगुरत आपली वर चाललीय. चाकं चरीपासनं सुटली तरी मी पाय ब्रेकवर ठेवायचा विसरलो.

मागनं आक्का किंचाळल्या, "अगं बया! ही तर वर चाललीया! परशा, थांबू नको! हाण तशीच!"

मी दचकून ब्रेक मारला. अण्णा धावत आले. "आक्का, ही उलटी चाललीय! यात्रेला कुणी पाठमोरं जातंय व्हय? अपशकून तो! आणि निपाणीत कळलं तर जलमभर—"

"देवळातनं भाईर येताना काय करतोस रं तू?" आक्कांनी विचारलं.

"काय करतो?"

"देवाला पाठ दावतोस?"

"न्हाय. माघारी पावलं टाकत येतो."

"मग! स्तवनिधीचा देव खाली बसलाय. सकाळपास्नं आपुन त्याला पाठ दावून चाललोतो, म्हणून चढत नव्हती. आता त्याच्याकडं तोंड झालं, आपोआप चढाय लागली. हीच खरी रीत. ऊठ, मला फुडं बसीव. मी काय देवाकडं पाठ करून बसायची न्हाय."

अण्णांनी हात देऊन त्यांना पुढं बसवलं. धर्माच्या बाबतीत आक्कांपुढं बोलायची निपाणीत कुणाची टाप नव्हती.

आता खरं कारण काय ते सांगतो. त्या मोटारीची पेट्रोलची टाकी माझ्या शीटखाली होती. तिच्यातलं पेट्रोल पंपानं नव्हे, आपल्या वजनानंच उताराला लागून इंजनात जायचं. गाडीचं नाक वर झालं की इंजन टाकीच्या वर. टाकी भरलेली असती तर भागलं असतं, पण ती निम्मीच. पेट्रोल वर चढणार कसं? उलटी फिरवली की इंजन खाली, टाकी वर, पाणी पाटात सोडल्यासारखं पेट्रोल आलं. शिवाय त्या मोटारीचा मागचा गिअर पहिल्यापेक्षाही सावकाश होता, म्हणजे एका बोदाचंही अर्धं बोद. ओझ्यापायी इंजन रडत होतं हे खरं, पण मरत होतं ते तहानेनं, आणि आम्ही सगळे मिळून जात्यावर आळ घेत होतो. हे माझं कारण. आक्कांचं कारण वर दिलंच आहे. ज्याला जे पटेल ते त्यानं घ्यावं. मोटार दोन्ही कारणांनी चढली.

मग आमची वरात निघाली. मी मान मुरगाळून मागं बघतोय, पण मध्ये इसाक मेस्त्रीचं सगळं घर. म्हणून अण्णा मागच्या दारात उभे राहून रस्ता सांगणार. त्यांचं तोंड माथ्याकडं, माझं निपाणीकडं. त्यांचा उजवा तो माझा डावा. हे ध्यानात येईपर्यंत एकदा चाक चरीच्या कडेला गेलं. अण्णा घाबरले की कानडीत शिरायचे. "बलक्क! बलक्क! अय्यो, यडक्क!" उजवीकडं, नाही, डावीकडं, असा घोष चालला होता. शेवटी मी ओरडलो, "अण्णा, डावंउजवं सोडा! डोंगर म्हणा न्हायतर दरी म्हणा!" त्यावर अण्णा नुसतंच "दरी! दरी! दरी!" ओरडायला लागले. सांगा, माणसानं करायचं काय?

मधल्या वळणावर वरनं बेळगावची सर्व्हिस आली. तिचा ड्रायव्हर माझा दोस्तच. त्याला समोरनं काय दिसलं असेल बघा. घाटातनं नक्षीचा दरवाजा चढून येतोय आणि दारात एक शेटजी हात पसरून दरी दरी म्हणून बोंब मारतोय. त्यानं गाडी डोंगराला चिकटवली आणि आम्ही पुढं जाईपर्यंत टोपी काढून उभा राहिला. नंतर विचारलं तर म्हणाला, "मला वाटलं कुणीतरी गेलं."

आक्का माझ्या शेजारी बसल्या होत्या, हात जोडून. ड्रायव्हरच्या शेजारी त्या घरची बाई कधी बसली नसेल, पण देवाकडं तोंड पाहिजे म्हटल्यावर प्रश्न मिटला. स्तवनिधीचं देऊळ लहान लहान होत झाडीत गेलं. आम्ही आणखी वर चढलो तसं खालचं सगळं रान उलगडलं. तंबाखूचे हिरवे पट्टे आणि त्यापलीकडं निपाणी. आक्कांचे हात सुटले. त्या पुढं वाकून काचेला नाक लावून बघायला लागल्या. बाजूचं दिसत नव्हतं त्यांना, पण समोरचं नीट दिसत होतं.

"ते चमकतंय ते काय रं?"

"तुमच्या वखारीचं पत्रं, आक्का."

"आणि ते झाड?"

"तुमच्या विहिरीवरची चिंच."

"म्हंजे त्याच्या शेजारी आमचं घर." त्यांनी काचेवर बोट ठेवून घर झाकून बघितलं. मग म्हणाल्या, "एवढंसं हाय व्हय? आणि त्यात आम्ही किती भांडलो!" मला हसू आलं, पण त्यांच्याकडं बघितलं आणि ते गिळलं. गाल ओले झाले होते.

माथ्यावर पोचलो तेव्हा सूर्य अजून डोंगराच्या वर होता. अण्णांचा आवाज बसला होता, माझी मान आखडली होती. आक्कांनी मात्र पदर खोचला, आम्हा दोघांकडनं जातं रस्त्याकडंला उतरवून घेतलं आणि दळायला बसल्या. घाटमाथ्यावर जात्याची घरघर सुरू झाली. कांदालसूण नसलेली आमटी आणि जोंधळ्याची ऊन भाकरी त्यांनी पहिल्यांदा मला वाढली. मी नको नको म्हणतोय तर म्हणाल्या, "खा मुकाट्यानं. तीस घोड्यांनी न्हाय, तू आणलंस." बक्षिसं पुष्कळ मिळाली पुढं, पण एवढी चव कशालाच आली नाही.

संकेश्वरात टाकी गळ्यापर्यंत भरली आणि तिथनं पुढं सरळ तोंडानं गेलो. श्रवणबेळगोळला डोलीतनं डोंगर चढून आक्कांनी गोमटेश्वर डोळे भरून बघितला. परत येताना तवंदीचा घाट उतरलो तेव्हा त्या पुन्हा माझ्या शेजारी बसल्या. या वेळी कुणी कारण विचारलं नाही.

पुढं लढाई आली, पेट्रोल कुपनावर गेलं आणि घरमोटार वखारीत उभी राहिली. चासी कुणीतरी नेली. नक्षीचा दरवाजा अण्णांनी वखारीला बसवला. इसाक मेस्त्रीचा शब्द खरा, अजून हललेला नाही.

लढाई संपल्यावर एकदा निपाणीला गेलतो तेव्हा आक्कांना भेटलो. नजर पूर्ण गेली होती. घराच्या अंगणात त्या सागवानी आरामखुर्चीत बसल्या होत्या. मी नुसतं खाकरलो, तर म्हणाल्या, "परशा व्हय? पाणी गाळून घालतोस न्हवं?"

मी पायाशी बसलो. थोड्या वेळानं विचारलं, "आक्का, गोमटेश्वर आठवतो का हो?"

"त्याला काय आठवायचं? तो आधीबी डोळं मिटून दिसत होता, आताबी दिसतोय. पर माझं घर रं! सून म्हणून आले, म्हातारी झाले, सगळा जलम ह्याच्या आत गेला, आणि एकदाबी बघितलं नव्हतं. ते तू दावलंस. आता रोज बघते." मग त्यांनी खुर्चीच्या हातावर थोपटलं. "घाट कुठल्या अंगाला हाय सांग."

"तुमच्या समोरच की."

"तरीच आज नीट दिसंना. पोरांनी खुर्ची उलटी ठेवली जणू. फिरव मला. पाठ घाटाकडं आन् तोंड घराकडं. त्या दिवशी होतं तसं."

मी उठलो आणि समोरनं खुर्ची ढकलायला लागलो. इसाक मेस्त्रीचं काम ते, हलतंय कुठलं! आक्का आत बसल्या बसल्या हसायला लागल्या. शेवटी मी पाठीमागं गेलो, दोन्ही हातांनी धरली आणि उलटी ओढली. तेव्हा फिरली.